झाड चाळीस वर्षांचं, कर्ज बारा महिन्यांचं

मृग लागला की मराठवाड्यात खड्ड्यांचा हंगाम सुरू होतो. शाळेचं मैदान, गायरान, रस्त्याच्या कडा, तहसील कार्यालयाचं आवार, जिकडे बघावं तिकडे रोपं, फलक आणि फोटो. राज्य सरकारने 2016 साली 2 कोटी झाडांपासून सुरुवात केली, पुढे 4 कोटी, 13 कोटी असं करत 2019 मध्ये 33 कोटींचा आकडा गाठायचं जाहीर केलं. त्यातली जगली किती, यावर विधिमंडळातही वाद झडला. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. मला बोलायचंय ते सात-बाऱ्यावरच्या जमिनीबद्दल.

लातूरसारख्या जिल्ह्यात जंगलाखालचं क्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे. गायरानं अतिक्रमणांनी आणि सौर प्रकल्पांच्या मागण्यांनी आक्रसत चालली आहेत. तेव्हा मराठवाड्यात झाडं वाढायची असतील तर ती शेतकऱ्याच्या बांधावर आणि वावरातच वाढतील, दुसरीकडे जागाच नाही. आणि वावरात ती वाढत नाहीत याचं खापर आपण वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडत आलोय. मेळावे घ्या, पत्रकं वाटा, झाडाचे फायदे सांगा. कुणाला सांगताय? ज्याच्या आज्याने लावलेल्या चिंचेच्या पैशावर घरातली लग्नं निघाली, त्याला? झाड पटलेलं आहे. अडतं ते पैशाच्या वेळापत्रकापाशी. रोप लावल्यापासून पहिला पैसा हातात येईपर्यंतची जी चार-पाच वर्षं असतात, ती वर्षं कोण पोसणार, याचं उत्तर ना बँकेकडे आहे ना सरकारी योजनेकडे. कृषिवनशेतीचा, म्हणजे शेतात पिकांबरोबर झाडं वाढवण्याचा, सगळा प्रश्न मला तरी या चार-पाच वर्षांतच अडकलेला दिसतो.

आधी हे बघू की आज गावात पैसा कसा येतो. खरिपाचं पीक कर्ज जूनच्या आगेमागे मिळतं. 3 लाखांपर्यंतच्या या कर्जाला केंद्राच्या सवलतीमुळे 7 टक्के व्याज, वेळेत फेडणाऱ्याला त्यात आणखी 3 टक्क्यांची सूट, आणि उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला शून्य टक्के. चांगली गोष्ट आहे, तक्रार नाही. मात्र हे शून्य टक्के आहे ते सोयाबीन-कापसासारख्या हंगामी पिकाला. मार्च आला की गावोगाव नवं-जुनं करायची धांदल उडते. सावकाराकडून किंवा पाहुण्याकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, कर्ज निल दाखवायचं आणि पुन्हा तेवढंच उचलायचं. सगळ्यांना हे माहीत असतं, बँकेच्या साहेबालाही. बारा महिन्यांच्या या चक्रात चार महिन्यांचं पीक बसतं. चाळीस वर्षांचं झाड बसत नाही.

झाडासाठी कर्ज मागायला गेलं तर ते मध्यम किंवा दीर्घ मुदतीचं. त्याला ही व्याज सवलत नाही. समजा एका हेक्टरवर सीताफळाची बाग करायची. पाच बाय पाच मीटरवर 400 झाडं. रोपं, खड्डे, ठिबक, कुंपण आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांची मजुरी धरून दीड लाख रुपये कर्ज काढलं आणि बँकेने 11 टक्के लावले. फळ हाती येईपर्यंत चार वर्षं हप्ता नको असं बँकेने मान्य केलं, तरी सरळ व्याजाने 66 हजार रुपये चढतात. हेच कर्ज 4 टक्क्यांनी मिळालं असतं तर व्याज 24 हजार झालं असतं. फरक 42 हजारांचा, एका हेक्टरमागे, चार वर्षांत मिळून. सरकारला हा भार उचलणं जड नाही. एका अतिवृष्टीचे पंचनामे आणि मदतीचा खर्च बघितला तर किरकोळच म्हणायचा. तरीही जे पीक दरवर्षी नव्याने मोडतं त्याला बिनव्याजी पैसा, आणि जे एकदा धरलं की पिढीभर देतं त्याला पूर्ण व्याज, अशी आपली रीत पडली आहे. ती कुणी मुद्दाम पाडली असं नाही. पीक कर्जाची घडी बसली तेव्हा शेती म्हणजे हंगाम एवढंच डोळ्यांपुढे होतं. पण आता तरी ती मोडायला हवी. हेक्टरी मर्यादा घाला, देशी आणि कोरडवाहू झाडांपुरतं ठेवा, पण झाडाच्या कर्जाला पहिली पाच वर्षं पीक कर्जासारखीच व्याज सवलत द्या. माझी पहिली आणि मुख्य मागणी हीच आहे.

इथे कुणी म्हणेल की राज्यात फळबागेला कर्ज कशाला हवं, अनुदान आहे की. आहे. आणि त्याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. खडी फोडण्यात आणि रस्त्यांची माती इकडून तिकडे टाकण्यात बरीच वर्षं गेल्यावर 1990 मध्ये या हमीला फळबाग जोडली गेली. शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे खोदायचे, झाडं लावायची आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची. देशात या कल्पनेची तेव्हा कौतुकाने चर्चा झाली. मराठवाड्यातल्या आंबा, बोर, सीताफळ आणि मोसंबीच्या कित्येक बागांचं मूळ त्या योजनेत आहे. पुढे केंद्राच्या रोजगार हमीतही फळबाग आली. जे तिथे बसत नाहीत त्यांच्यासाठी 2018 मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे पैसे मिळतात.

हा तीन वर्षांचा हिशेबच मला खटकतो. पहिल्या वर्षी खर्च जास्त असतो हे खरं. पण झाड मरतं ते दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात. कलमी चिंच चौथ्या-पाचव्या वर्षी जरा बोलायला लागते आणि बियांची चिंच तर आठ-दहा वर्षं घेते. तीन वर्षांनी सरकारचा हात सुटतो, फळ दोन वर्षं लांब असतं, आणि नेमकं तेव्हाच एखादं कोरडं साल येतं. त्यात मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, फोटो, पंचायत समितीच्या चकरा आणि थकलेली मजुरी. मग लागवडीचे पैसे पडले की पुढचं सोडून देणारा शेतकरी लबाड ठरतो. तो लबाड नाही. कागदाने जेवढं मागितलं तेवढं त्याने केलं. कागदाने खड्डा मागितला होता.

शेजारी कर्नाटकात 2011-12 पासून कृषी अरण्य प्रोत्साहन योजना चालते. तिच्यात शेतकऱ्याला वनखात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोपं मिळतात आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाअखेर जेवढी रोपं जिवंत असतील तेवढ्यांचे पैसे मिळतात. योजना निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही, रक्कमही फार मोठी नाही. पण पैसा जगलेल्या रोपामागे जातो, ही तिची दिशा बरोबर आहे. उदगीर-निलंग्याहून बिदर काही लांब नाही. आपले अधिकारी अभ्यास दौऱ्यावर परदेशात जातात, एकदा सीमेपलीकडे एसटीने जाऊन यायला हरकत नाही. आपल्याकडे हेच पाच वर्षांवर पसरवता येईल. पहिल्या वर्षीचा वाटा थोडा कमी करून उरलेला पैसा पाच उन्हाळ्यांवर विभागायचा आणि जिवंत झाड मोजून द्यायचा. मोजणीत खोटेपणा होईल ही भीती रास्त आहे. पण शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर करतो त्या ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करायची सोय आधीच आहे. फोटोसह, जागेच्या खुणेसह. तीच नोंद पैशाला जोडली तर शेतकरी ती आपण होऊन करेल. आज ती कुणी गंभीरपणे करत नाही, कारण करून मिळत काही नाही.

आता झाड मरतं कशाने, ते नीट बघू, कारण 'पाणी नाही' या दोन शब्दांत आपण फार लवकर सुटका करून घेतो. दहा बाय दहा मीटरवर चिंच लावली तर हेक्टरी 100 झाडं बसतात. बुडाला आच्छादन करून आठवड्याला झाडामागे दहा लिटर पाणी दिलं तर आठवड्याचे हजार लिटर होतात. फेब्रुवारी ते मे, धरा सतरा आठवडे. एकूण 17 हजार लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकरसुद्धा पुरे भरत नाहीत. मोसंबीच्या भरातल्या बागेशी याची तुलनाच होऊ शकत नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून मोसंबी जगवायची धडपड केली आणि तरीही हजारो एकर बागा जळाल्या, लोकांनी हाताने कुऱ्हाड लावली. तो धसका अजून गेलेला नाही. तिथे जाऊन 'झाडं लावा' म्हणणाऱ्याने आधी हे ऐकून घ्यावं. पण मोसंबी हे पाण्याचं झाड आहे. चिंच, सीताफळ, बोर, कवठ, जांभूळ, आवळा ही बालाघाट डोंगररांगेच्या मुरमाड माळाला ओळखणारी झाडं आहेत, त्यांना जीव धरेपर्यंतच आधार लागतो.

पाणी एवढं थोडं लागत असेल तर मग मरतात कशी? घालायला माणूस नसतो म्हणून. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, इकडे भूम-परांडा, या पट्ट्यात जमीन हलकी, झाडाला योग्य. आणि याच पट्ट्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. नेमके तेच महिने रोपाच्या जीवाचे असतात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. रब्बी निघाली की गावभरची जनावरं रानात मोकळी सुटतात, शेळ्या रोपं खुडतात, उरलेलं रानडुकरं बघतात. कृषी खात्याच्या कुठल्याही पत्रकात मी 'लागवडदार कुटुंब सहा महिने गावात नसेल तर काय' असा रकाना पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट यातच दडली आहे. या कुटुंबाला सर्वात सहज मिळणारा पैसा म्हणजे मुकादमाची उचल, ऊसतोडीच्या मजुरीपोटी आगाऊ दिलेली रक्कम. नवरा-बायकोच्या एका कोयत्याला लाखाच्या घरात रक्कम, पावसाळ्यातच, फार कागद न करता. बँक सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि सगळ्या शाखांचे ना-हरकत दाखले मागते. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 2 लाख केली आहे खरी, पण शाखेच्या टेबलावर ती कितपत पोचते ते ज्याने चकरा मारल्या त्याला विचारा. उचल फिटते ती हाडं झिजवून, आणि नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा जावं लागतं. झाडाच्या पाच वर्षांसाठी मिळणारा पैसा या उचलीशी स्पर्धा करतो, दुसऱ्या कुठल्या योजनेशी नव्हे. वर्षाला कुटुंबातल्या एका तरी माणसाला गावात थांबता येईल एवढी रक्कम त्यातून निघत नसेल, तर चिंच वाळणार हे नक्की.

म्हणून जगवणुकीची मजुरी हा स्वतंत्र विषय करायला हवा. गावातल्या बचत गटांना, सरकारच्या उमेद अभियानाचे असोत की माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे), पाच-पन्नास शेतकऱ्यांच्या मिळून तीन-चार हजार झाडांची राखण, पाणी आणि आच्छादन करायला द्यावं आणि जिवंत झाडामागे दरमहा पैसे द्यावेत. रोजगार हमीत हे काम बसवता येतं. गटाला पैसा मिळाला तर एखादी जोडपी ऊसतोडीची वाट टाळतील, निदान बाई घरी राहील. अर्थात ज्यांची जमीनच नाही, जे बटईने किंवा ठोक्याने करतात, त्यांच्या हाती यातली राखणीची मजुरी तेवढी येईल. जमीन दुसऱ्याची असताना कुणी चाळीस वर्षांचं झाड लावणार नाही, आणि मालकही त्याला लावू देणार नाही. त्यांच्यासाठी निराळं काही करावं लागेल. त्याचा उपाय मला या लेखात सापडलेला नाही.

सोबत राहण्याचं महत्त्व महाराष्ट्रातल्याच एका संस्थेने दाखवून दिलं आहे. मणिभाई देसाईंच्या बायफने गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी भागात वाडीचा प्रयोग केला. एकेक एकरात मधे फळझाडं, कडेने जंगली झाडं आणि ओळींमध्ये नेहमीची पिकं. पुढे नाबार्डने आदिवासी विकास निधीतून ही वाडी देशभर नेली. वाडीचं खरं बळ कलमांत नव्हतं. कार्यकर्ते त्या कुटुंबाबरोबर पाच-सात वर्षं टिकून राहिले, घागरीने पाणी घालायच्या दिवसांतही, यात होतं. आपल्याकडे किनवटसारखा आदिवासी तालुका या निधीत बसतो, बालाघाटचा डोंगरपट्टा बसत नाही, कारण तिथला शेतकरी आदिवासी नाही. पण जमीन तशीच आहे, स्थलांतर तर जास्तच आहे. अशीच वाडी ऊसतोड तालुक्यांसाठी वेगळ्या निधीतून का उभी राहू नये, हा प्रश्न आमदारांनी अधिवेशनात एकदा तरी विचारावा. पोकराच्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत फळबागेला पैसा आला, शेततळी झाली. तिथेही भर राहिला तो वस्तूवर: तळं, ठिबक, रोप. माणसाच्या वेळेला पैसे देणं आपल्या योजनांना जमतच नाही.

पैशाचा आणखी एक कोपरा म्हणजे विमा. फळपीक विम्याला झाड उत्पादनक्षम वयाचं लागतं. आंब्याला पाच वर्षं, सीताफळाला तीन. म्हणजे झाड सर्वात नाजूक असतं तोवर त्याला संरक्षण नाही. चिंच आणि जांभूळ तर यादीतच नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडे नद्या फुटून वावरांतली मातीच वाहून गेली, तेव्हा उभ्या सोयाबीनची नोंद पंचनाम्यात झाली. दोन वर्षांच्या रोपांचं मोल कुठल्या रकान्यात धरायचं, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. झाडं असती तर तो पूर अडला असता असला भाबडा दावा मी करणार नाही, एवढ्या पावसापुढे बांधावरची शंभर झाडं काय करणार. पण एकाच पिकावर, एकाच हंगामावर सगळी भिस्त ठेवलेलं घर एका पावसात जसं उघड्यावर येतं, तसं ते चिंच-सीताफळाच्या जोडीने येत नाही. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि लातूरच्या बाजारात महिनोन्‌महिने त्याच्या खाली सौदे निघाले. पीक आलं तरी तोटा. अशा साली दुसरं काहीतरी विकायला असणं किती मोलाचं असतं ते दुकानाची उधारी भरणाऱ्यालाच कळतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण पैशाइतकाच तोही आडवा येतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 सालचा. त्याच्या अनुसूचीत साग आणि चंदनाबरोबर आंबा, चिंच, जांभूळही आहेत. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की बांधावर आपोआप उगवलेलं जांभळाचं रोपटं शेतकरी कमरेएवढं व्हायच्या आत उपटतो. मोठं झालं की ते त्याचं राहत नाही, वनखात्याचं होतं, अशी त्याची समजूत. आणि ती फार चुकीचीही नाही. परवानगीला अर्ज, तलाठ्याचा दाखला, पाहणी, वाहतूक पास. चोरून तोडून वीटभट्टीला घालणाऱ्याला मात्र यातलं काही आडवं येत नाही. केंद्राने जून 2025 मध्ये शेतजमिनीवरच्या झाडांच्या तोडीसाठी नमुना नियम राज्यांकडे पाठवले. झाडं आधी नोंदवा, मग तोडीची परवानगी सुटसुटीत मिळेल, असा त्यांचा गाभा. राज्याने ते लवकर स्वीकारावेत. मात्र सूट द्यायची ती नव्याने लावलेल्या आणि नोंदवलेल्या झाडांनाच. सरसकट दिली तर गावागावांतल्या शंभर वर्षांच्या चिंचा एका हंगामात आडव्या होतील. रस्ते रुंद करताना आपण त्यातल्या बऱ्याच घालवल्याच आहेत.

शेतातलं झाड नेमकं कुणाचं काम, हेही अजून ठरलेलं नाही. 2014 मध्ये देशाने राष्ट्रीय कृषिवनिकी धोरण आणलं, असं धोरण आणणारा भारत पहिला देश होता. पण तालुक्याच्या ठिकाणी कृषी खातं सामाजिक वनीकरणाकडे बोट दाखवतं, सामाजिक वनीकरण पंचायत समितीकडे, आणि तुतीचं विचारलं तर रेशीम कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. शेतकऱ्याने चार अर्ज चार ठिकाणी द्यायचे.

तुतीचा विषय निघालाच आहे तर तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. मराठवाड्यात रेशीम शेती कुणाच्या भाषणाने पसरली नाही. तुती लावली, शेड उभी केली, की त्याच वर्षी कोष निघतात, मग वर्षात चार-पाच वेळा. जालना-बीडला कोषांचा बाजार उभा राहिला, कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जायचा हेलपाटा वाचला. पैसा लवकर आणि बाजार जवळ, एवढं झालं आणि शेतकरी आपल्या पायांनी आला. फळझाडाला तुतीइतकी घाई जमणार नाही. पण दोन ओळींमधली जागा पाच वर्षं रिकामी नसते. तूर, उडीद, कडेने शेवगा, जनावरांसाठी शेवरी-हादगा. शेवगा सहा-आठ महिन्यांत शेंग देतो. सावट पडून पीक कमी येतं ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, पण ती झाड मोठं झाल्यावरची. ओळींचं अंतर सुरुवातीलाच ट्रॅक्टर फिरेल एवढं ठेवलं आणि दरवर्षी छाटणी केली तर तीही आटोक्यात येते. बांधावर लावायचं असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या, एवढंच सांगतो. मराठवाड्यात बांधावरून डोकी फुटतात.

बाजाराचं थोडक्यात. चिंचेला लातूरची पेठ आहे, बार्शी आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं. बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला ते आधीच होतं. पण मानांकनाचा कागद शेतकऱ्याच्या घरी टांगलेला नसतो. चिंच अजून झाडावरच उक्ती विकली जाते, व्यापारी अंदाजाने रक्कम सांगतो आणि अडलेला शेतकरी देऊन टाकतो. फोडून, चिंचोका वेगळा काढून विकली तर दर बदलतो, आणि ते काम गावातल्या बायका आजही मजुरीने करतातच, दुसऱ्याच्या गोदामात. सीताफळ पिकलं की दोन दिवसांचा सोबती, गर काढून गोठवायची सोय तालुक्यात नसेल तर रस्त्यावर टोपली मांडून मिळेल त्या भावाने विकायचं. 2020 पासून केंद्राचा कृषी पायाभूत सुविधा निधी आहे, 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला 7 वर्षं 3 टक्के व्याज सवलत. गोदामाला, शीतगृहाला, गर काढायच्या युनिटला ती मिळते. म्हणजे फळ ठेवायच्या इमारतीला सवलत आहे, ते देणाऱ्या झाडाला नाही.

या पोकळीत दुसरेच लोक शिरतात. चंदन लावा, पंधरा वर्षांनी कोटी मिळवा. अमुक विदेशी झाड लावा, कंपनी परत विकत घेईल. रोपं महागात विकून गाडी निघून जाते, चंदनाला शेजारी यजमान झाड लागतं, त्याच्या मुळांतून ते अन्न घेतं, हेसुद्धा सांगत नाही. साध्या आंब्याच्या कलमातही फसवणूक झाली तर ती कळायला पाच वर्षं लागतात, तोवर रोपवाटिकेचा पत्ता बदललेला असतो. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, संभाजीनगरला हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, परभणीच्या विद्यापीठाने चिंचेचा 'प्रतिष्ठान' वाण दिला आहे. कर्ज मिळणाऱ्या प्रत्येक बागेचं रोप अशाच ठिकाणच्या मातृवृक्षाचं, पावतीसह असावं अशी अट बँकेनेच घातली तर निम्मी फसवणूक थांबेल. झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे देऊ म्हणणाऱ्या कार्बन क्रेडिटवाल्यांबद्दल मी अजून सावध आहे. वीस-वीस वर्षांचे करार इंग्रजीत असतात, पैसा नंतर येतो आणि थोडा येतो. आला तर वरकड समजावा, त्यावर बाग उभी करू नये.

बँकवाल्यांची शंका राहते. पाच वर्षं हप्ता नाही, मधे निवडणूक आली, कर्जमाफी झाली तर? शंका खरी आहे. मराठवाड्यातल्या काही जिल्हा बँकांची अवस्था बघता ती आणखीच खरी. पण पीक कर्जाची वसुली तरी कुठे सुखाची आहे? नवं-जुनं करून कागदावर ती दिसते एवढंच. झाडाचं कर्ज थेट हातात न देता टप्प्याने द्यावं, प्रत्येक टप्पा जिवंत झाडांच्या नोंदीवर सोडावा, आणि दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात मुदत आपोआप वर्षभर पुढे जावी. परतफेड फळ लागल्यावर सुरू व्हावी, तीही मार्चअखेर नको. चिंच फोडून विकली जाते ती उन्हाळ्यात, सीताफळाचे पैसे दिवाळीच्या आधी येतात. हप्त्याची तारीख पिकाप्रमाणे ठरवायला संगणकाला काही जड जात नाही.

हे सगळं एकदम आठही जिल्ह्यांत करा असं मी म्हणत नाही. आष्टी, धारूर आणि भूम, असे तीनच तालुके घ्या. पण वेळ पाळा. खड्डे उन्हाळ्यात खोदून तापू द्यावे लागतात, रोपांची मागणी त्याआधी नोंदवावी लागते. म्हणजे मंजुरी फेब्रुवारीत हातात हवी, ऊसतोडीला गेलेल्याला फडावरून फोनवर अर्ज करता यायला हवा. पूर्वसंमती ऑगस्टमध्ये निघाली तर त्या वर्षाचा पाऊस गेलेला असतो, आणि दसऱ्याला ट्रक पुन्हा गावच्या पाराजवळ येऊन उभा राहिलेला असतो.